मोगीच्या घरी जाणारी माणसं

मास्तरांनी माझी पिशवी शाळेच्या ओट्यावर उपडी केली.

दुपारची शाळा भरलेली होती. चाळीसएक पोरं ओळीनं बसलेली. त्यांच्यासमोर एकेक वस्तू बाहेर पडली. साबणाची वडी. उकळून वाळवलेल्या फडक्यांची पुरचुंडी. नाळ बांधायचा दोरा. कातर. नखं घासायचा ब्रश. आणि एनिमाची रबरी नळी. नळी घरंगळत पहिल्या ओळीपर्यंत गेली. एकानं ती पायानं ढकलली आणि सगळी शाळा हसली.

मास्तर हसले नाहीत. ते कधी हसत नसत आणि कधी ओरडतही नसत. त्यांनी छडीच्या टोकानं नळी उचलली, मागच्या ओळीला दिसेल अशी धरली आणि विचारलं, "नर्सबाई, हे कशासाठी असतं, मुलांना सांगता का?"

मी म्हटलं, "टपालाचा शिक्का त्यात नाही, मास्तर."

"ते आम्ही ठरवू."

शाळेचे मास्तर तेच गावचे पोस्टमास्तर. वर्गाच्या कोपऱ्यात एक टेबल, त्यावर शाईची गादी, वजनाचा काटा आणि सरकारी शिक्का. तो शिक्का तासाभरापासून सापडत नव्हता. मी सकाळपासून त्यांच्या घरी पाहुणी होते. एवढा पुरावा त्यांना पुरला.

मग त्यांनी बायकोला हाक मारली. घर शाळेला लागूनच. मोगी दारात आली. मोगी माझी मैत्रीण. नंदुरबारच्या वसतिगृहात सात वर्षं आम्ही एका घोंगडीत झोपलो.

"तुझ्या मैत्रिणीनं टेबलाला हात लावला होता की नाही?"

मोगीनं माझ्याकडे पाहिलं नाही. "लावला होता."

"मोठ्यानं. मागं ऐकू गेलं नाही."

"लावला होता."

मी गुडघ्यांवर बसून सामान गोळा केलं. नळी मागितली, तर मास्तरांनी ती हातात न देता खाली टाकली. शिक्का नंतर त्यांच्याच हजेरीपटाखाली निघाला. "मिळाला," ते म्हणाले. "या आता. गाडी चुकेल."

खांडबारा स्टेशन तिथून दीड कोस. मी चालत निघाले. वाटेत मला मास्तरांचा राग आला नाही. मोगीचा आला. हे मुद्दाम लिहून ठेवते. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

*

मी धानोऱ्याची. बापानं गावकीचं काम सोडलं, ख्रिस्ती झाला आणि मला मिशनच्या वसतिगृहात घातलं. मोगी नवापूरकडच्या डोंगरातली, कोकणी आदिवासी शेतकऱ्याची मुलगी. आली तेव्हा तिला माझी अहिराणी कळत नव्हती, मला तिची बोली कळत नव्हती. महिन्याभरात ती माझ्याशी अहिराणीत भांडायला लागली. वर्षभरात कोठीच्या किल्ल्या तिच्याकडे आल्या. साठ मुलींच्या साठ थाळ्या, कोणती कुणाची हे ती न बघता सांगायची. हरवलेली वस्तू सगळ्या मोगीला विचारायच्या.

आणि नेमकं हेच मी विसरले.

मी नर्स झाले. दवाखान्यात बाळंतपणं करायला लागले. लग्न केलं नाही. मोगीचं लग्न मास्तरांशी झालं. मास्तर देशावरचे, नगरकडचे, आमच्याच ख्रिस्ती मंडळीतले. भाषण उत्तम करत. स्त्रियांना शिकवलं पाहिजे, असं टेबलावर मूठ आपटून सांगत. मोगीच्या आईबापाला वाटलं, एवढा मोठा माणूस आपल्या पोरीला मागतो आहे. मलाही तसंच वाटलं. लग्नात करवली मीच होते.

ते मारत नव्हते. ज्याला विचारा तो हेच सांगे. अंगाला बोट लावत नाहीत, दारू नाही, विडीसुद्धा नाही. सगळं खरं. ते फक्त बोलणं बंद करत. चार दिवस, आठ दिवस. कशावरून, ते मोगीनं ओळखायचं. ओळखता आलं नाही तर आणखी चार दिवस. तिच्या तोंडून आपल्या बोलीतला शब्द निघाला की काही ऐकूच आलं नाही असं बसून राहत, ती तोच शब्द त्यांच्या मराठीत म्हणेपर्यंत. कधी तिला वर्गात बोलावत आणि पोरांना म्हणत, "आमच्या बाईंना विचारा बरं, आज वार कोणता?" ती घाबरून चुकीचा सांगे. पोरं हसत.

आणि तिच्या वस्तू हरवायला लागल्या. किल्ली खुंटीवर ठेवलेली, ती सरपणात सापडे. चाळण चुलीमागं. कातर पिठाच्या डब्यात. मास्तर उसासा टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "डोक्यावर परिणाम झाला आहे. काय करणार. सांभाळतो."

एकदा मोगीनं मला विहिरीवर धरून विचारलं, "मन्हं डोकं फिरी गयं का वं?"

त्या वेळी मी काय करायला हवं होतं? तिला कोठीच्या किल्ल्यांची आठवण द्यायला हवी होती. मी काय केलं? यादी केली.

आमच्या दवाखान्यात वस्तू हरवली की दोष नर्सचा. म्हणून मी तिथं भिंतीला यादी लावली आहे. कामाची पाळी बदलली की हत्यारं मोजायची, सही करायची. माझ्या हातून आजवर एक चिमटा गहाळ झालेला नाही. मला वाटलं, हेच औषध मोगीला लागू पडेल. मी तिच्या घरातल्या चाळीस वस्तू लिहिल्या, प्रत्येकीपुढं जागा लिहिली आणि कागद कपाटाच्या दाराला आतून खळीनं चिकटवला. "आते कशी इसरशी?" असं म्हणून टाळी घेतली. तिनं टाळी दिली. हात गार होता.

पुढच्या खेपेला मास्तरांनी माझे आभार मानले. "बाई, यादी फार उपयोगी पडली."

रोज संध्याकाळी जेवणाआधी ते माझी यादी वाचत. एकेक वस्तू. मोगीनं जागा सांगायची आणि वस्तू आणून दाखवायची. न सापडलेल्या वस्तूपुढं फुली. रविवारी प्रार्थनेला मंडळी जमली की कपाट उघडून त्या फुल्या दाखवायच्या आणि म्हणायचं, "हिच्या स्मरणशक्तीसाठी प्रार्थना करा." मंडळी डोळे मिटून प्रार्थना करत. मोगी मध्ये उभी.

मी फुल्या मोजल्या. एकोणीस. आणि मी मोगीला काय म्हटलं? "जरा लक्ष दे ना."

असं म्हणणारी मैत्रीण. ती मी.

पिशवी उपडी झाली तो दिवस याच्या पुढच्या खेपेचा. दुपारी मी मागच्या अंगणात हातपाय धूत होते. घराची भिंत कुडाची. मध्ये एके जागी माती पडून फट झालेली. मोगी पाण्याला गेली होती. वर्गात पोरं सातचा पाढा घोकत होती. मास्तर पाढा म्हणत म्हणतच घरात आले. सात चोक अठ्ठावीस म्हणत त्यांनी पेटी उघडली, कातर काढली, पिठाचा डबा उघडला, कातर आत खुपसली, वरून पीठ सारखं केलं, हात झटकले. सात सक बेचाळीसला ते परत वर्गात होते.

माझ्या पायांवरचं पाणी वाळून गेलं, तरी मी तिथंच उभी.

मोगी आल्याबरोबर मी सगळं सांगितलं. ती हंडा डोक्यावर घेऊनच ऐकत राहिली. मग म्हणाली, "नही. तुले बराबर दिसनं नही."

तरीही तिनं मास्तरांना विचारलं असणार. कारण अर्ध्या तासात शिक्का हरवला.

*

अकरा महिने मी त्या गावाला गेले नाही.

तिनं तिचा माणूस निवडला, मी माझं काम बघते. असं मी स्वतःला सांगितलं. कपाटं आवरली. जुनी फडकी फाडून नवी केली. दायांच्या वर्गाला हात कसे धुवायचे ते शिकवलं. हातांना एक घटका रिकामं ठेवलं नाही. पण उकळत्या पाण्यातून चिमटे काढताना मध्येच ऐकू यायचं, 'मोठ्यानं. मागं ऐकू गेलं नाही.' चिमटे मोजता मोजता आकडा चुकायचा. माझा आकडा कधी चुकत नाही.

मग एका बाळंतिणीसाठी खांडबाऱ्याला जावं लागलं. बाजाराचा दिवस होता. परतताना बाजारात मोगीची आई दिसली. बांबूच्या टोपल्या मांडून बसली होती. मी शेजारी बसले आणि विचारलं, "मावशी, मोगी कशी शे?"

"माले काय माहीत? मी नही जात."

"का?"

तिनं टोपली उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मग सांगितलं. दोन वर्षांपूर्वी ती लेकीसाठी नागलीचं पीठ घेऊन गेली होती. मास्तरांनी शाळेसमोर तिला पाय धुवायला लावले. धुतले. पुन्हा धुवायला लावले. पुन्हा. आणि पोरांना म्हणाले, "बघा, डोंगरातला चिखल निघत नाही."

"मंग मी पीठ तठेच ठेवं आणि घर उनी," म्हातारी म्हणाली. "माले बी मान शे."

"आणि दादा?"

मोगीचा भाऊ गेला होता, तेव्हा मास्तरांनी त्याला चार माणसांत तोंड उघडायला लावून वास घेतला. तो दारू पीत नाही. तोही पुन्हा गेला नाही. मोगीची शेजारीण तिला रोज ताकाचा तांब्या द्यायची. एक दिवस तांब्यात केस निघाला म्हणून मास्तरांनी तो तिच्या दारात, तिच्या सासऱ्यासमोर ओतला. तिचं येणंही बंद.

मी पिशवीतून कागद काढला. सवय. गुडघ्यावर ठेवून लिहिलं. आई. भाऊ. शेजारीण. मी.

आणि लिहिलेलं पुन्हा वाचलं.

प्रत्येकाचा अपमान एकदाच. चारचौघांत. नीट तयारी करून, ज्याला जे लागेल ते. दुसऱ्यांदा कुणाचाच करावा लागला नाही. आम्ही चौघंही मानी माणसं. आपापला मान घेऊन आपापल्या घरी बसलो. आणि ती तिथं त्याच्याबरोबर एकटी. इथून पुढं मला त्याला 'ते' म्हणवत नाही.

अकरा महिने मी माझा अपमान जपून ठेवला होता. माझी पिशवी, माझी नळी, माझी फजिती. त्यात माझं काहीच नव्हतं. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिची पिशवी उपडी झाली असती. त्याला घर रिकामं करायचं होतं आणि आम्ही एकेक जण निघून जाऊन त्याला ते करून दिलं. मोगी 'लावला होता' म्हणाली ते मला टोचलं. पण मी गेल्यावर रात्रीचं जेवण तिलाच त्याच्यासमोर बसून जेवायचं होतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी स्टेशनकडे चालत होते ना. माझी गाडी होती. तिची कुठली गाडी?

मी मावशीला म्हटलं, "पुढल्या बाजारले मी जास."

ती म्हणाली, "परत हाकली दी तुले."

"देऊ दे."

*

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी गेले. जावंसं वाटत नव्हतं, तेही लिहिते. गावाच्या अलीकडच्या ओढ्यावर दोनदा थांबले. एकदा तर वळलेसुद्धा.

शाळा भरलेली. तो खुर्चीत. मला बघून त्यानं पुस्तक मिटलं. तो तोंड उघडायच्या आत मी ओट्यावर चढले आणि पिशवी उपडी केली. सगळं. नळीसकट.

"मास्तर, आधीच बघून घ्या. मागाहून तुमचा वेळ जातो."

पोरं हसली. या वेळी कुणाला हसली ते मी पाहिलं नाही. त्यानं आवाज न चढवता म्हटलं, "बाई, तुम्हाला लाज नाही?"

"होती. मागच्या वेळी इथंच सांडली."

मी सामान भरलं, सावकाश, एकेक पुसून. घरात गेले.

मोगी चुलीपुढं तांदूळ निवडत होती. केस पांढरे झालेले. मला वाटलं होतं, गळ्यात पडेल. तिनं सुपातून मान वर केली नाही.

"कशाले उनी?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. सगळं तयारच होतं. कोणत्या दिवशी निघायचं, कोणती गाडी, बरोबर कोणते कपडे, माझ्या खोलीत खाट कुठं टाकायची. मी सांगायला सुरुवात केली. हे कर. मग ते कर. त्याला काही कळू देऊ नको. रडू नको. लिहून घे.

मोगीनं सूप खाली ठेवलं. "तू बी तशीच शे," ती म्हणाली. "तो सांगस आठे बठ. तू सांगस तठे बठ. माले कोनी इचारस का?"

मला राग आला. हो, आला. दीड कोस चालून, ओट्यावर स्वतःची शोभा करून आले आणि हे ऐकायचं? उठून जावं असं वाटलं. पायात बळ आलंसुद्धा. मग ती चार नावं आठवली आणि मी परत बसले.

सूप ओढून घेतलं. तांदूळ निवडायला लागले. बराच वेळ आम्ही दोघी खडे काढत राहिलो. वर्गात तो पाढे घेत होता. मी विचारलं, "मंग सांग. मी काय करू?"

ती म्हणाली, "येत ऱ्हाय. माले काही सांगू नको. फक्त येत ऱ्हाय."

माझ्यासारख्या बाईला याच्याइतकं अवघड काम दुसरं नाही. पोटात मूल आडवं आलं तर मी हात घालून फिरवू शकते. नुसतं बसून राहायला मला कुणी शिकवलेलं नाही.

पण मी जाते आहे. बाजाराच्या दिवशी माझी सुटी मी मागून घेतली आहे. मावशीलाही घेऊन गेले. त्यानं पाय धुवायला लावले. तिनं धुतले, तीनदा, आणि चौथ्यांदा स्वतःच तांब्या पुढं केला. "अजून टाक, मास्तर. दूरथून उनी, गार वाटस." भाऊ येतो. दारातच तोंड उघडून उभा राहतो, "घ्या वास," म्हणतो, आणि आत येतो. शेजारीण अजून घाबरते. सासरा आहे.

तो वर्गातून ऐकत असतो. तिच्याशी त्याचं बोलणं आता महिनाभर बंद असतं. आमच्यासमोर तो आताशा फार गोड वागतो, हे त्याहून वाईट. आम्ही गेल्यावर काय होतं ते मोगी सगळं सांगत नाही. मी विचारते, सांगितलं तर ऐकते. मागच्या महिन्यात ती एकदम म्हणाली, "कातर मी पेटीमा ठेवेल व्हती. माले आठवस."

मी म्हटलं, "हो."

"पेटीमाच ठेवेल व्हती."

"हो, मोगी."

ती पुन्हा तांदळाकडे वळली. त्याहून जास्त काही झालं नाही. ती अजून त्याच घरात आहे.

*

काल आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांनी मला बोलावलं. टेबलावर दोन कागद होते. एक त्याचा अर्ज. ही नर्स सरकारी पोस्टमास्तरच्या घरात ढवळाढवळ करते, त्याच्या आजारी पत्नीचे कान भरते, घर फोडते. अक्षर मोत्यासारखं. दुसरा कागद माझ्यासाठी लिहून ठेवलेला. 'मी यापुढे सदर गावी जाणार नाही.' खाली सहीला जागा.

डॉक्टरसाहेब वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "बाई, सही करा, मिटवून टाकू. नाहीतर तिकडे वर डोंगरात, अक्राणीत बदली होईल. कदाचित नोकरीवरही येईल. चाळिशी उलटली तुमची. कुठं जाल?"

मी वाचत होते.

"आणि मला सांगा, तो तिला मारतो का?"

"नाही."

"ती त्याला सोडून येते म्हणते का?"

"नाही."

"मग तुम्ही तिथं जाऊन करता काय?"

"तांदूळ निवडते."

त्यांना ती थट्टा वाटली. मी थट्टा केली नव्हती. मी आयुष्यभर पुढं आलेल्या प्रत्येक कागदावर सही केली आहे. हत्यारांच्या, औषधांच्या, जन्मलेल्यांच्या, मेलेल्यांच्या. कालच्या कागदावर केली नाही. तो त्यांच्याकडे सरकवला आणि माझ्या पाळीला गेले.

मोगी उद्या निघेल. दहा वर्षांनी निघेल. कदाचित कधीच निघणार नाही, आणि ते ठरवणारी मी नाही. पण त्या घराला माणसं नाहीत असं त्याला पुन्हा करता येणार नाही. बदली झाली तर अक्राणीचा डोंगर उतरून जाईन. दोन दिवस लागतील, रजा टाकीन. नोकरी घेतली तर घेऊ देत. मग बाजाराच्या दिवसाची वाट बघायचं कारणच उरणार नाही. रोज जाईन.